शिकाऱ्यांनी लिहिलेला कायदा

१९६० च्या दशकात नाशिकच्या कोकणीपुऱ्यात आमच्या गल्लीत एक चाचा राहत. त्यांच्याकडे एकनळी बंदूक होती. हिवाळा लागला की शनिवारी संध्याकाळी ते एस.टी.ने निफाडकडे जात, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याजवळ ओळखीच्या घरी रात्र काढत आणि रविवारी दुपारी कापडी पिशवीत दोन-चार बदके घेऊन परत येत. त्या दिवशी गल्लीत कुणाच्या घरी काय शिजते आहे हे विचारावे लागत नसे.

एका हिवाळ्यात हट्ट करून आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. पहाटेचे धुके, बाभळीचा आडोसा, पाण्यावर थापट्या आणि चक्रवाकांचा कलकलाट. आमच्याबरोबर आमच्याच वयाचा एक भिल्लाचा पोरगा होता. बार झाला की तो अंगातला सदरा काढून त्या थंड पाण्यात उडी मारी आणि फडफडणारे बदक धरून आणी. चाचा त्याला सारखे ‘जल्दी, जल्दी’ म्हणत. छऱ्याने पाण्यातच मेलेला पक्षी आपल्याला खाता येत नाही, जीव असतानाच बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवली पाहिजे, म्हणून ती घाई. पोराला चार आणे मिळत, कधी एखादे बदक. चाचांच्या खिशात मेणकापडात गुंडाळलेला शिकारीचा परवाना असे. तो ते मोठ्या अभिमानाने दाखवीत. पोराचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हते.

पुढे वाचनात आले की चाचांच्या खिशातला तो कागद ज्या कायद्याने दिला होता, तो मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा. त्या वर्षीचा चोविसावा कायदा. त्याच्या घडणीत ज्यांचा सर्वांत मोठा हात होता, ते हुमायून अब्दुल अली स्वतः पट्टीचे शिकारी होते आणि मुसलमान होते. सलीम अली हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात धडा असतो, टपालाचे तिकीट निघालेले आहे. हुमायून अब्दुल अली हे त्यांचेच नातलग, पण त्यांचे नाव आपल्या एकाही सभेत आम्ही ऐकलेले नाही. म्हणून हा लेख. मात्र केवळ ‘हाही आपलाच’ एवढे सांगून थांबण्यासाठी नव्हे. शिकाऱ्यांनी संघटित होऊन सरकारकडून कायदा कसा करून घेतला, आणि त्या संघटनेच्या बाहेर जे राहिले त्यांचे काय झाले, हे दोन्ही पाहिले पाहिजे.

आमच्या भागात इंग्रज आले तेव्हा शिकारीला कसलाच धरबंध नव्हता. शेजारच्या नगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज साऱ्या देशात मिळून माळढोक दोनशेही उरलेले नाहीत. उत्तरेला खानदेशात जेम्स औट्रम होता. त्या वेळी आजच्या नाशिक जिल्ह्यातले मालेगावही खानदेशातच मोडत असे. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. औट्रमने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारली. १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघांच्या शिकारीत त्याचा हात होता. भिल्लांना इंग्रजी चाकरीत ओढण्याचे त्याचे एक साधन शिकारच होते. भिल्लांनी माग काढायचा, हाका घालायचा, साहेबाने बार टाकायचा आणि मग जखमी माणसाची विचारपूस, मांसाची वाटणी, दोस्ती. तीच माणसे पुढे त्याच्या पलटणीत शिपाई झाली. सरकारही तेव्हा वाघ-बिबट्या मारणाऱ्याला रोख इनाम देई. जंगल तोडून शेत काढायचे, जमीन महसुलाखाली आणायची, तर वाघ नको, असा सरळ हिशेब होता.

ही हवा बदलली ती दया आली म्हणून नव्हे. बंदुका सुधारल्या, आगगाडी आली, छावण्यांत फौजी अधिकारी वाढले आणि शिकार संपत चालली. तेव्हा ज्यांना शिकारीचा शौक होता त्यांनाच पहिली चिंता पडली. दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरावर १८७७ मध्ये गोऱ्या शिकाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी एक मंडळी काढली आणि अवघ्या दोन वर्षांत, १८७९ मध्ये, मद्रास सरकारकडून निलगिरीपुरता शिकार व मासे संरक्षणाचा कायदा करून घेतला. विणीच्या हंगामात शिकार बंद, एरवी परवाना घेऊन. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या श्रीमंत शिकारी मित्रांनी १८८७ मध्ये असाच एक क्लब काढला, आणि तिथल्या वन्यजीव कायद्यांवर त्या क्लबाची छाप पडली. म्हणजे आधी शिकाऱ्यांची संघटना आणि मागून कायदा, हा क्रम जगात ठिकठिकाणी दिसतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की शिकार उरावी म्हणून शिकार आवरा.

मुंबईत ही जागा घेतली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने. १८८३ च्या सप्टेंबरात आठ जण एकत्र आले आणि ही संस्था निघाली. त्यांपैकी दोन हिंदी होते आणि दोघेही डॉक्टर : प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. पुढे संस्थेचा कारभार फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या आश्रयाने चाले. (ज्या मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला त्याच राज्याने दोन वर्षांनी या दारूच्या दुकानात वाढलेल्या संस्थेचे म्हणणे मानून वन्य प्राण्यांचा कायदा केला, ही गंमत आम्हाला नेहमी वाटते.) १८८६ पासून संस्थेचे इंग्रजी नियतकालिक निघू लागले. त्यात पाखरांची शास्त्रीय वर्णने असत आणि शेजारच्या पानावर कुणी किती लांबीच्या शिंगांचे सांबर मारले याच्या नोंदी. सभासद म्हणजे कलेक्टर, जंगलखात्याचे साहेब, पलटणीचे अधिकारी, मिशनरी, संस्थानिक. १९११ मध्ये संस्थेने देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, तिचा पहिला अहवाल खानदेशाचा होता. बंदूक आणि वही या माणसांच्या हातात एकाच वेळी होती, हे लक्षात ठेवले तर पुढचे सारे समजते.

या काळात कायदे येत गेले. १८८७ मध्ये रानपक्ष्यांचा एक कायदा झाला, पण तो शहरांच्या आणि छावण्यांच्या हद्दीपुरता : विणीच्या दिवसांत मारलेले पक्षी बाळगायचे-विकायचे नाहीत. विलायतेत बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची फॅशन होती आणि तिच्यापायी बगळे, नीलकंठ, मोर यांचा इथे संहार होत होता. १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. मग १९१२ चा आठवा कायदा आला. त्याने प्रांतिक सरकारांना ‘बंदीचा काळ’ ठरवण्याचा अधिकार दिला. पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास महिनाभर कैद किंवा शंभर रुपये. आम्ही त्या कायद्याची यादी पाहिली. तितर, लावे, बदके, मोर, हरणे, गवे, रानबकऱ्या, ससे, गेंडे असे सगळे आहेत. वाघ नाही, बिबट्याही नाही. जे मारण्यात मौज आणि खाण्यात चव ते राखायचे, जे गुरे मारतात त्यांच्यावर इनाम चालू. यादी कुणी केली हे यादीवरूनच कळते.

याच मुंबईत १८९६ मध्ये सलीम अलींचा जन्म झाला. आईबाप लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. मामा हौशी शिकारी. त्यांनी भाच्याला हवेची बंदूक दिली. खेतवाडीतली ही पोरे चिमण्या मारून, हलाल करून भाजून खात. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, कालवण सांडल्यासारखा. ही चिमणी वेगळीच दिसते, हिचे मांस मुसलमानाला चालते की नाही, अशी शंका दहा-अकरा वर्षांच्या सलीमच्या मनात आली. तो ती घेऊन मामांकडे गेला, मामांनी चिठ्ठी देऊन सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. हलाल-हरामची शंका आपल्या हजारो मुलांना येते. पण ती घेऊन ज्याच्याकडे जावे असा मामा आणि मामांची चिठ्ठी पाहून ज्या खोलीचे दार उघडावे अशी खोली हजारातल्या एखाद्यालाच मिळते. सुलेमानी बोहऱ्यांच्या त्या घराण्यांत बॅरिस्टर होते, न्यायमूर्ती होते, बद्रुद्दीन तय्यबजी तर १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. कोकणीपुऱ्यातला आमचा चाचा आणि ते, दोघेही कलमागो, दोघेही शिकारी, पण दोघांमध्ये अंतर केवढे!

हुमायून अब्दुल अलींचा जन्म १९१४ चा, जपानमधल्या कोबे शहरात. वडील व्यापारानिमित्त तिथे होते. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. तरुणपणी शिकारीचा दांडगा नाद आणि त्याच नादातून पक्ष्यांचा काटेकोर अभ्यास. अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर त्यांच्याइतके काम फार थोड्यांनी केले. १९४० च्या दशकात ते सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर आले, पुढे अनेक वर्षे मानद सचिव राहिले. स्वभावाने परखड. सलीम अलींशीही त्यांचे अनेकदा खटके उडत. पण आधी आम्ही शिकारी आहोत आणि मग संरक्षक आहोत, हे त्या दोघांनीही कधी लपवले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती एकदम बिघडली. युद्धातल्या जीप गाड्या स्वस्तात बाजारात आल्या. रात्री जीपमध्ये बसायचे, दिव्याचा झोत टाकायचा, डोळे चमकले की बार. यात ना माग काढणे, ना जंगल वाचणे. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत पिकांच्या राखणीसाठी बंदुका वाटल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी राखण सोडून बाजारासाठी चालू लागल्या. संस्थाने विलीन झाली, त्यांची राखीव शिकारीची जंगले एका रात्रीत बेवारस झाली. स्वातंत्र्यानंतर पहिल्या काही वर्षांत काळवीट, चिंकारा, माळढोक यांचे कळप आपल्या माळांवरून ज्या वेगाने गेले, तसे पूर्वी कधी गेले नव्हते. आणि त्यांना वाचवायला होता १९१२ चा पन्नास रुपये दंडाचा कायदा.

जुन्या वळणाच्या शिकाऱ्यांना हे सहन होईना. त्यांनी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. त्यांची पद्धत वेगळी होती. सोसायटीच्या नियतकालिकात १९३० च्या दशकापासूनच संरक्षणावर लेखमाला येत होत्या. वन्य प्राण्यांचे नेमके काय करायचे याचा विचार कागदावर तयार होता. कुठला प्राणी कुठे उरला आहे, त्याची वीण कधी, किती मारले तर तो टिकेल, याची माहिती सरकारकडे नव्हती, ती या मंडळींकडे होती. जंगलखात्याचे निम्मे अधिकारी त्यांचे सभासद. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. अशा सरकारला कायदा हवा असतो तेव्हा मसुदा ज्याच्या खिशात तयार असतो त्याचाच कायदा होतो. हुमायून अब्दुल अलींनी तो मसुदा घडवण्यात पुढाकार घेतला आणि १९५१ मध्ये कायदा मंजूर झाला.

त्या कायद्याने काय केले? प्राण्यांच्या याद्या केल्या. मोठ्या शिकारीचा परवाना निराळा, लहान शिकारीचा निराळा. विणीच्या काळात बंदी. अभयारण्ये जाहीर करण्याची सोय. राज्याला सल्ला देण्यासाठी वन्यजीव सल्लागार मंडळ, म्हणजे शिकाऱ्यांना आणि अभ्यासकांना सरकारदरबारी कायमची खुर्ची. देशातल्या इतर राज्यांत तेव्हा याच्या जवळपास जाणारे कायदे फार थोडे होते. १९५२ मध्ये केंद्राचे वन्यजीव मंडळ निघाले, आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्याची मांडणी पाहिली की त्यात मुंबईच्या या कायद्याच्या पुष्कळ खुणा सापडतात. एका मुंबईकर मुसलमानाने शिकारीच्या अनुभवातून मांडलेला विचार आज सबंध हिंदुस्थानच्या कायद्यात मुरलेला आहे. ‘तुमचे या देशासाठी योगदान काय’ असे विचारणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही. पण आपणच विसरलो असू तर सांगणार कोण?

एक आठवण इथे नोंदवावीशी वाटते. बंदीचा काळ आणि बंदीची जागा ही कल्पना आपल्याला परकी नाही. हजला जाणारा प्रत्येक साधा माणूस जाणतो की इहराम बांधला की जमिनीवरची शिकार बंद, आणि हरमच्या हद्दीत तर पाखरू उडवूनही लावायचे नाही. सूरह अल-माइदात जाणूनबुजून शिकार केल्यास भरपाई काय द्यायची तेही आहे. अब्दुल अलींनी कायदा त्यावरून केला असे मुळीच नाही. त्यांचा विचार प्राणिशास्त्राचा होता. एवढेच की आमच्या चाचांना हा कायदा समजावून सांगायला पाच मिनिटेही लागली नसती. सांगायला कुणी आले नाही. सोसायटीचे सारे लेखन इंग्रजीत, परवान्याच्या अटी कचेरीच्या भाषेत. मराठीत, उर्दूत या विषयावर चार पानांची पुस्तिका त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचली नाही.

आता दुसरी बाजू. शिकाऱ्यांच्या नीतीत एक गोष्ट फार मोठी मानली जाई : जनावराला संधी द्यायची. पायी जायचे, मादीला मारायचे नाही, पिलाला मारायचे नाही, जखमी सोडायचे नाही. चांगली नीती आहे. पण तिच्या पोटात एक भेद दडलेला होता. बंदुकीने, मौजेसाठी, परवाना घेऊन मारणारा तो शिकारी. फासे, जाळे, वाघूर लावून पोटासाठी मारणारा तो चोर. पारध्याचा फासा क्रूर आणि साहेबाची दुनळी सभ्य, हे ठरवताना पारध्याला कुणी विचारले नव्हते. फासेपारधी समाजाला तर इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्या सुमारास ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का सरकारी दप्तरातून पुसला गेला, त्याच सुमारास परवान्याशिवायची शिकार, मग ती बंदुकीने असो की फाशाने, नव्या कायद्याने गुन्हा ठरली. तितर-लावे धरून बाजारात विकणारा पारधी एका यादीतून सुटला तो दुसऱ्या यादीत अडकला. परवान्याला लागते फी, लागतो पत्ता, लागते सही. पालावर राहणाऱ्याने पत्ता कुठला द्यायचा?

आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा ही जंगलाची मुलखे. पेठचे संस्थान हे आपल्या इतिहासातले एक विसरलेले पान आहे. तिथले दळवी राजे औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाले. १८५७ च्या उठावात तिथल्या गादीवाल्याला इंग्रजांनी फाशी दिली. शेवटची बेगम नाशकात राहत असे. १८७८ मध्ये ती वारली आणि पेठ पुरते खालसा झाले. पाठोपाठ सागाचे जंगल सरकारी झाले. त्या जंगलात राहणारे कोकणा, वारली, महादेव कोळी वाघाला देव मानतात. वाघबारशीला आजही गावाच्या शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. तेच लोक ससा, भेकर, रानडुकराची शिकारही करीत. पूजा आणि शिकार यांत त्यांना विरोध दिसत नव्हता, जसा अब्दुल अलींना शिकार आणि संरक्षण यांत दिसत नव्हता. फरक इतकाच की अब्दुल अलींच्या या विचाराचा कायदा झाला आणि वारल्याच्या विचाराची नोंद फार तर फॉरेस्ट गार्डच्या पंचनाम्यात झाली.

आणि हे ज्ञान नसलेले लोक होते असेही नाही. सलीम अलींनी १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवून स्थलांतराचा अभ्यास सुरू केला, तेव्हा हजारो पक्षी जिवंत, पंखाला इजा न होता धरायचे होते. हे काम कुणा पदवीधराला येत नव्हते. ते केले बिहारकडच्या मीरशिकार लोकांनी, पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून विकणाऱ्यांनी. सलीम अलींनी त्यांच्या कसबाची कदर केली. पण कदर झाली ती कसबाची. सल्लागार मंडळाच्या खुर्चीवर फासेवाला बसलेला आम्ही ऐकला नाही.

१९६० च्या दशकात शिकाऱ्यांतच फूट पडली. एका बाजूला शिकारीचा धंदा करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. परदेशी पाहुण्यांना डॉलर घेऊन वाघ मारून द्यायचा. नागपूरची ॲल्विन कूपर ही अशीच कंपनी, पुढे केंद्रात मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांनी काढलेली. बंदी नको, परकी चलन बुडेल, असे या धंद्याचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला सोसायटीची जुनी मंडळी, ज्यांना आता अटी-परवाने पुरेसे वाटेनात. १९६२ नंतर सोसायटीचे सचिवपद झफर फतेहअलींकडे आले, ते उघडच संपूर्ण संरक्षणाच्या बाजूचे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ मध्ये केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याचा मसुदा करणारे एम. के. रणजितसिंह वांकानेरच्या राजघराण्यातले, शिकारी परंपरेतलेच. पुढे महाराष्ट्रानेही तो कायदा स्वीकारला. गंमत अशी की त्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. ते पुसले गेले १९९१ च्या दुरुस्तीने. ज्या शिकाऱ्यांनी शिकार उरावी म्हणून कायदा मागितला, त्याच कायद्याच्या वाढीने शेवटी शिकारीच संपवली. हुमायून अब्दुल अली २००१ मध्ये वारले. मधल्या काळात बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात बंद व्हावी म्हणून ते झगडले. १९८७ मध्ये तीही बंद झाली.

चाचांची बंदूक त्याच्या पुष्कळ आधी गेली. नव्या कायद्यानंतर त्यांनी परवान्याचे नूतनीकरण केले नाही. ते म्हणत, ‘बंद केली ते बरोबरच केले, बदके कमी झाली होती, आम्हालाही दिसत होते. पण आम्हाला कुणी विचारले?’ तेव्हा आम्हाला ही म्हाताऱ्याची कुरकुर वाटली. आज वाटते की प्रश्न बरोबर होता, फक्त त्यांनी स्वतःपुरता विचारला. पाण्यात उडी मारणाऱ्या पोराला १९५१ मध्ये कुणी विचारले नाही, १९७२ मध्ये नाही, आणि चाचांनीही नाही.

या सगळ्याकडे कुणी जुनी गोष्ट म्हणून पाहू नये. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात आज बिबट्या वीत घालतो, पिले वाढवतो. माणसे मरतात, लहान मुले उचलली जातात. बिबट्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून खाली आणा, अशी मागणी होते आहे. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर २०१४ मध्ये काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाले, त्याच्या शिवेवरचा शेतकरी रात्रभर मक्याची राखण करतो. विदर्भात २०१८ मध्ये अवनी वाघिणीसाठी सरकारला हैदराबादचे खासगी शिकारी बोलवावे लागले, आणि तिला मारल्यावर देशभर वादळ उठले. प्राणी किती असावेत, कुणी मारावेत, कुणी ठरवावे, हे तिन्ही प्रश्न पुन्हा उभे आहेत. आता खोलीत बसणारे शिकारी नाहीत. वन्यप्रेमी संस्था आहेत, साखर कारखानदार आहेत, आमदार आहेत, वकील आहेत. ऊस तोडायला आलेली बाई, जी पोराला बांधावर झोपवून फडात शिरते, ती नाही.

ज्यांना खोली मिळाली नाही त्यांनी एक दुसरा मार्ग काढला, तोही आमच्या नाशकातून. मोठ्या लढ्यांनंतर २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्यात जंगलातल्या जमिनीचा हक्क आहे, गौण वनोपजाचा आहे, चराईचा आहे. मात्र ‘इतर पारंपरिक हक्क’ लिहिताना शिकारीचा आणि प्राणी धरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. आमच्या मते ते योग्यच झाले. उरलेल्या जंगलाला आता शिकारीचा भार सोसणार नाही. पण पारधी आणि भिल्ल यांची जी गोष्ट सोसायटीच्या काळात चर्चेलाही आली नव्हती, ती इथे निदान वगळण्यापुरती तरी कायद्यात लिहिली गेली. या कायद्याने कबूल केलेल्या जमिनी पदरात पडाव्यात म्हणून ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा मोर्चा नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे हजारो लोक लाल टोप्या घालून कसाऱ्याच्या घाटाने सहा दिवस, सुमारे १८० किलोमीटर चालले. मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदान गाठले. सोसायटीचा हॉर्नबिल हाउस तिथून पायी जाण्यासारख्या अंतरावर आहे.

नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले. सलीम अलींनी त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते, असे तिथे सगळे सांगतात. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. गेल्या हिवाळ्यात आम्ही नातवंडांना घेऊन गेलो. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, दुर्बिणी भाड्याने मिळतात, गावातलीच मुले वाटाडे म्हणून काम करतात. आम्हाला मिळालेला मुलगा विशीतला होता. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, एकेक ओळखून तो मराठी नाव सांगे, मग इंग्रजी. दुर्बीण न लावताच, नुसत्या उडण्यावरून. ‘कुठे शिकलास?’ विचारले तर म्हणाला, ‘आजोबांकडून.’ त्याच्या आजोबांचे वय आमच्याएवढेच असणार. लहानपणी ते या पाण्यात पोहत का, आणि कशासाठी, हे विचारावे असे मनात आले. नातवंडे पुढच्या मनोऱ्याकडे पळाली होती, त्यांच्यामागे आम्हीही निघालो.